दादाचा एक प्रश्न आणि त्याची शंभर वर्षांची उत्तरं

माझा मामेभाऊ गडचिरोलीत भाड्याची गाडी चालवतो. गिऱ्हाईक बहुतेक पेशंटच. पहाटे निघायचं, नागपूरला मेडिकलमध्ये किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात न्यायचं, तपासण्या होईपर्यंत थांबायचं आणि रात्री परत आणायचं. डिझेलचा हिशोब आता जमत नाही, म्हणून तो इलेक्ट्रिक गाडी घ्यायच्या विचारात आहे. कर्ज पाच वर्षांचं. दिवाळीत भेटलो तेव्हा त्याने मला गाठलंच.

"तू बॅटरीवरच पीएचडी करून राहिली ना? मंग एक सांग. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर होते. रोज नागपूरले फास्ट चार्ज मारला, तं बॅटरी किती वर्षं चालन?"

मी म्हटलं, "डिपेंड करतं."

"हे तं मेकॅनिकबी सांगते," तो म्हणाला आणि चहा घ्यायला आत गेला.

मला ते लागलं. मी तिसऱ्या वर्षाला आहे, याच विषयावरचे पेपर वाचते आणि माझ्याकडे एक सरळ उत्तर नव्हतं. परत आल्यावर मी लिटरेचर रिव्ह्यूची फाईल पुन्हा उघडली, पण या वेळी उलट्या क्रमाने: सगळ्यात जुनं आधी. हा लेख त्या वाचनातून आलाय. तुमच्यापैकी जे आता विषय निवडताहेत त्यांना यातून एक गोष्ट दिसावी अशी इच्छा आहे. एखादा प्रश्न शंभर वर्षं टिकतो तेव्हा उत्तर सापडत नसतं असं नाही. बऱ्याचदा प्रश्नातला एक शब्द दर पिढीत वेगळ्या अर्थाने वापरला जात असतो. इथे तो शब्द आहे "फास्ट".

लॅम्प रूम

सुरुवात घरापासून करते. माझे आजोबा बल्लारपूरकडच्या कोळसा खाणीत होते. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या टोपीवर दिवा असतो आणि त्याची बॅटरी कमरेच्या पट्ट्याला. ही बॅटरी शिशाची, म्हणजे लेड-ॲसिड. आता लिथियमचे दिवे आलेत. खाणीच्या तोंडाशी लॅम्प रूम असते. टोकन द्यायचं, दिवा घ्यायचा. पाळी संपली की दिवा परत रॅकवर. तिथे तो पुढच्या पाळीपर्यंत तासन्तास सावकाश भरत राहतो. आजोबा सांगायचे, घाईत भरलेला दिवा खाली दगा देतो. त्यांच्या दृष्टीने तो जिवाचा प्रश्न होता, बॅटरीच्या आयुष्याचा नव्हे. पण ज्ञान तेच.

हे ज्ञान आलं कुठून? गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर लेप लावून तिची क्षमता वाढवली आणि ती धंद्याच्या कामाची झाली. १९०० च्या आसपास अमेरिकेच्या शहरांत विजेच्या मोटारी धावत होत्या, मालवाहू ट्रकसुद्धा. आणि तेव्हाच दादाचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला: ड्रायव्हर जेवायला थांबतो त्या तासाभरात बॅटरी थोडी भरून घेतली तर? याला तेव्हा "बूस्टिंग" म्हणत.

त्या काळच्या तंत्रज्ञांनी काढलेलं उत्तर आजही बहुतेक खरं आहे. बॅटरी रिकामी असताना करंट जोरात दिला तरी ती घेते. भरत आली की घेत नाही. मग जादा वीज पाण्याचं विघटन करते, बुडबुडे येतात, पत्र्यांवरचा लेप सुटतो. म्हणून आधी जोरात, बुडबुडे सुरू झाले की हळू. दुसरा नियम तापमानाचा. अमेरिकेतल्या बॅटरी-पुस्तिकांत ११० अंश फॅरनहाइटची मर्यादा वारंवार दिसते: आतलं ॲसिड त्याहून गरम होऊ देऊ नका.

११० फॅरनहाइट म्हणजे साधारण ४३ सेल्सिअस. हा आकडा वाचल्यावर मी थांबले. चंद्रपुरात मे महिन्यात दुपारची नुसती हवाच तेवढी असते, आणि वाईट दिवशी पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे त्या पुस्तिकांच्या हिशोबाने आमच्याकडची बॅटरी चार्जरला लावायच्या आधीच मर्यादेवर उभी आहे.

मुलामा आणि साय

लिथियमचा इतिहास अनेकांना पाठ असतो, म्हणून भराभर जाते. १९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये जॉन गुडइनफ यांचं कोबाल्ट ऑक्साइड, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी कार्बनचा ऋण ध्रुव वापरून केलेली बॅटरी, १९९१ मध्ये सोनीची विक्री, २०१९ मध्ये तिघांना नोबेल. या ओळीत एक अपघात गाळला जातो आणि आपल्या विषयासाठी तोच महत्त्वाचा आहे.

कॅनडातली मोली एनर्जी ही कंपनी सोनीच्या आधीच लिथियमच्या बॅटऱ्या विकत होती. त्यांचा ऋण ध्रुव कार्बनचा नव्हता, थेट लिथियम धातूचा होता. चार्ज करताना लिथियम पुन्हा त्या धातूवर जाऊन बसतं, पण सपाट बसत नाही. काटेरी फांद्यांसारखं वाढतं, आणि करंट जितका जास्त तितका हा धोका वाढतो. १९८९ मध्ये जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या या बॅटऱ्यांनी पेट घेतला, त्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनी बुडाली. कार्बनचा ध्रुव जिंकला त्यामागे हे एक कारण आहे. लिथियमने धातू म्हणून साचू नये, कार्बनच्या थरांमध्ये जाऊन बसावं.

पण हा धोका पुरता गेला नाही, फक्त मागे सरकला. गडचिरोलीच्या एसटी स्टँडवर बाजाराच्या दिवशी बस लागते तेव्हाचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. बस रिकामी असते तेव्हा लोक भराभर चढतात. निम्मी भरली की आतले सरकेपर्यंत दारात थांबावं लागतं. मागून रेटा वाढला तर काही जण पायरीवरच लटकतात. ग्रॅफाइटचं तसंच होतं. थरांत शिरायला लिथियमला वेळ लागतो. करंटचा रेटा त्याहून जास्त झाला की ते बाहेरच धातू म्हणून साचतं. याला प्लेटिंग म्हणतात, आपल्या भाषेत मुलामा. त्यातलं काही लिथियम परत कामाला येतं, काही कायमचं जातं. थंडीत हे जास्त होतं, कारण थरांतली हालचालच मंद असते. आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंग हळू का होतं याचं कारणही हेच: बस भरत आलेली असते.

दुसरी झीज उलट स्वभावाची आहे. ग्रॅफाइटवर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर धरतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये अशा थराची कल्पना मांडली आणि त्याला एसईआय हे नाव दिलं. दुधावरच्या सायीसारखा समजा. तो हवाच, नाहीतर खालचं द्रव सतत बिघडत राहील. पण तो वाढत राहतो, वाढताना लिथियम खातो, आणि उष्णतेत जास्त वेगाने वाढतो. यासाठी चार्जिंग जोरात असायची गरज नाही. गाडी नुसती उन्हात उभी असली, त्यातून ती पूर्ण भरलेली असली, तरी साय धरतच असते.

म्हणजे झिजण्याच्या दोन वाटा आहेत. मुलामा थंडीत आणि घाईत; साय उन्हात आणि निवांतपणे. "फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होते" या वाक्यात या दोन्ही मिसळून जातात.

फिनिक्सच्या चार गाड्या

आता त्या प्रयोगाकडे येते, जो मी दादाला दिवाळीतच सांगायला हवा होता.

निसान लीफ ही गाडी २०१० च्या अखेरीस बाजारात आली. २४ किलोवॅट-तासांची बॅटरी, तिला पाण्याने थंड करायची सोय नाही. सोबत जपानी फास्ट चार्जिंगचं मानक, चाडेमो. (या नावात जपानी शब्दखेळ आहे: "चहा घेऊ या का?" म्हणजे चहा होईपर्यंत गाडी भरेल. दादाला हे फार आवडलं.) २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या आसपास, लीफच्या मालकांनी तक्रारी सुरू केल्या. दीड-दोन वर्षांत डॅशबोर्डवरचे क्षमतेचे दांडे गळू लागले होते. कंपनीने गाड्या मागवून तपासल्या, पुढे क्षमतेची वेगळी वॉरंटी जाहीर केली आणि मग उष्णता जास्त सोसणारी बॅटरीही आणली.

याच सुमारास आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने फिनिक्समध्येच एक साधा प्रयोग केला. २०१२ सालच्या चार लीफ गाड्या घेतल्या. दोन फक्त साध्या एसी चार्जरवर भरायच्या, दोन फक्त फास्ट चार्जरवर. रस्ते, चालवण्याची पद्धत, एसीचं तापमान शक्य तितकं सारखं. प्रत्येक गाडी ५० हजार मैल, म्हणजे ८० हजार किलोमीटर चालवली.

फास्ट चार्जवाल्या गाड्यांची क्षमता जास्त घटली. पण फरक मोजक्या टक्क्यांचाच. चारही गाड्यांनी मिळून जे गमावलं होतं, जवळपास एक चतुर्थांश, त्यापुढे तो किरकोळ होता. म्हणजे हळू चार्ज केलेल्या गाड्यासुद्धा झिजल्या, जवळजवळ तेवढ्याच.

प्रयोगात गाड्या फक्त चार आहेत. शास्त्र म्हणून हे थोडंच आहे आणि एका मॉडेलवरून सगळ्यांचा निष्कर्ष काढता येत नाही. तरी मला हा पेपर आवडतो. त्याने एकच गोष्ट बदलली, बाकी धरून ठेवलं, आणि सगळे जिकडे बोट दाखवत होते तिकडून नजर हटवली. चार्जर हा संशयित होता; मोठा वाटा आवारातच पडून होता, उन्हात. फिनिक्सचा उन्हाळा आणि चंद्रपूरचा मे यांची तुलना मोहात पाडते, पण जपून. तिकडे उन्हाळा चारेक महिने टिकतो. आपल्याकडे जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि पारा झटकन उतरतो. लीफची बॅटरी मँगनीजवर आधारलेली होती, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेटची आहे. (१९९७ मध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या या रसायनाच्या पेपरवर पहिलं नाव अक्षय पाढी यांचं आहे आणि दुसरं नंजुंदस्वामी यांचं. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही.)

नागपूरची रांग

भारतात या प्रश्नाला वेगळंच वळण लागलं. २००१ मध्ये बंगळुरूहून रेवा आली: शिशाच्या बॅटऱ्या, ८० किलोमीटर, पूर्ण भरायला आठ तास. ती घर ते ऑफिस अशी शहरी गाडी होती. घाई हा प्रश्न विदर्भात आला तो टॅक्सीबरोबर. मे २०१७ मध्ये ओलाने नागपुरात २०० विजेच्या वाहनांचा प्रकल्प सुरू केला. त्यात महिंद्राच्या ई२ओ प्लस गाड्या होत्या आणि शहरात चार्जिंगची केंद्रं होती. पुढच्याच वर्षी बातम्या आल्या की चालकांचे तास रांगेत जाताहेत, उत्पन्न बुडतंय, आणि काहींना डिझेल गाड्यांकडे परत जायचंय.

मला ही घटना संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. बॅटरी किती वर्षं टिकेल हा प्रश्न त्या चालकांच्या मनात आलाही नसेल. दिवस कसा निघेल हाच होता. फास्ट चार्जिंगची किंमत नेहमी अशी दोन खात्यांत लिहावी लागते, एक टक्क्यांत आणि एक तासांत. आपले पेपर बहुतेक पहिलंच खातं भरतात.

किती फास्ट म्हणजे फास्ट?

आता त्या शब्दाकडे. आमच्या क्षेत्रात वेग "सी"मध्ये मोजतात. बॅटरी तासाभरात पूर्ण भरेल एवढा करंट म्हणजे १ सी. अर्ध्या तासात भरली तर २ सी. दहा तास लागले तर ०.१ सी.

२०१९ मध्ये क्रिस्टन सेव्हरसन आणि सहकाऱ्यांनी लोह-फॉस्फेटच्या १२४ सेलचा अभ्यास छापला. वेगवेगळ्या पद्धतींनी फास्ट चार्ज केल्यावर काही सेल दीडशे फेऱ्यांत संपले, तर काही २,३०० फेऱ्या टिकले. पहिल्या शंभर फेऱ्यांच्या डेटावरून आयुष्याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी दाखवलं. डेटा सगळ्यांसाठी खुला आहे. ज्यांना प्रयोगशाळा मिळत नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. पुढच्या वर्षी त्याच गटाने दहा मिनिटांत ८० टक्के भरण्याच्या २२४ पद्धतींतून चांगली पद्धत मशीन लर्निंगने सोळा दिवसांत शोधली. दहा मिनिटांत ८० टक्के म्हणजे सरासरी ४.८ सी.

आता २०२० मध्ये पुण्याजवळ बनायला लागलेली पहिली नेक्सॉन ईव्ही घ्या. ३०.२ किलोवॅट-तास, फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांना एक तास. भागाकार करा: ०.८ सी. रस्त्यावर ज्याला आपण फास्ट म्हणतो तो वेग प्रयोगशाळेतल्या फास्टचा सहावा हिस्सा आहे! आणि घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर तर ०.१ सी च्या आसपास. दादाने यूट्यूबवर पाहिलेले "बॅटरी जळते" वाले व्हिडिओ कुठल्या सी बद्दल बोलत होते, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मीही पहिल्या वर्षी पेपरांचे सारांश वाचताना हा आकडा बघत नव्हते.

दुसरा न दिसणारा आकडा तापमानाचा. सेव्हरसन यांचे सेल ३० अंशांच्या पेटीत होते; पुष्कळ प्रयोग २५ वर होतात. आणि उष्णता नेहमीच शत्रू असते असंही नाही. पेन स्टेटच्या चाओ-यांग वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये सेल मुद्दाम ६० अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटांत चार्ज केला आणि लगेच थंड होऊ दिला. गरम असताना लिथियम थरांत पटकन शिरतं, मुलामा धरत नाही. थोडाच वेळ गरम राहिल्याने साय फार वाढत नाही. अडीच हजार फेऱ्यांनंतरही क्षमता ९० टक्क्यांच्या वर होती. म्हणजे उष्णतेत दहा मिनिटं चालतात. दहा तास चालत नाहीत.

याच्या शेजारी २०२३ चा एक निष्कर्ष ठेवा. रिकरंट या अमेरिकी कंपनीने बारा हजारांहून अधिक टेस्ला गाड्यांचा डेटा पाहिला. जवळजवळ नेहमी फास्ट चार्ज होणाऱ्या आणि क्वचितच होणाऱ्या गाड्यांत लक्षणीय फरक सापडला नाही. वाचून बरं वाटतं. पण या गाड्या बॅटरी स्वतः थंड-गरम करतात, झेपत नसेल तर करंट स्वतः कमी करतात, आणि त्यातल्या बऱ्याच अजून म्हाताऱ्या झालेल्या नाहीत. चार गाड्यांच्या प्रयोगात नियंत्रण होतं, संख्या नव्हती. बारा हजारांत संख्या आहे, नियंत्रण नाही. दोन्ही एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण दोघांनी एकच प्रश्न विचारलेला नाही.

दादाला फोन

परवा दादाला फोन केला. या वेळी मीच प्रश्न विचारले. नागपूरला किती वेळ थांबतोस? म्हणाला, चार-पाच तास तर जातातच. नंबर, तपासणी, रिपोर्ट, पुन्हा डॉक्टर. मग मी हिशोब मांडला. ७ किलोवॅटच्या साध्या एसी चार्जरवर चार तासांत २८ युनिट. एका युनिटला सहा किलोमीटर धरले तर जवळपास १७० किलोमीटर, म्हणजे परतीची वाट. रात्री घरी भरलेली गाडी घेऊन निघालास, तर तुला फास्ट चार्जर रोज लागतच नाही. अडीअडचणीला लागला तर घाबरू नकोस, १ सी च्या आसपासचा वेग या बॅटरीला झेपतो. मात्र रात्री शंभर टक्के भरायची तर निघायच्या वेळेला भरेल अशी लाव. भरलेली गाडी दिवसभर अंगणात उभी ठेवू नकोस. आणि किती वर्षं, याचा एक आकडा मी आजही देणार नाही, कारण आपल्याकडच्या उन्हात चार-पाच वर्षं रोज साडेतीनशे किलोमीटर चाललेल्या गाड्यांचा डेटा माझ्या हातात नाही.

"मंग फास्ट चार्जिंगचं सोड," तो म्हणाला. "मे महिन्यात पाच तास गाडी कुठं उभी करू ते सांग. तिथं दवाखान्यासमोर माणसाले उभं राहाले सावली नाही."

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं उद्दिष्ट आहे. त्या चार्जरवर छप्पर असेल का, हे मी शोधतेय. तोवर दादाने नागपुरातल्या एका ओळखीच्या लॉजवाल्याला विचारलंय. मागच्या बाजूला कडुनिंबाखाली जागा आहे, सॉकेट ओढता येईल का ते तो बघतोय.